अहवालावर कोष्टकाचे नावही छापा

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगलेच्या औद्योगिक वसाहतीतील फौंड्री कामगाराला वर्षातून एकदा आरोग्य तपासणीला सामोरे जावे लागते. त्यात स्पायरोमेट्री, म्हणजे फुफ्फुसांच्या क्षमतेची तपासणी असते. कामगार नाकाला चिमटा लावतो, छाती भरून श्वास घेतो आणि नळीत जीव खाऊन फुंकतो. यंत्र हवा मोजते आणि कागद बाहेर येतो. त्यावर मुख्य रकाने तीन. पहिल्यात कामगाराने प्रत्यक्ष फुंकलेली हवा लिटरमध्ये, दुसऱ्यात त्याने किती फुंकायला हवी होती तो अपेक्षित आकडा आणि तिसऱ्यात या दोहोंची टक्केवारी. सगळ्यांचे लक्ष तिसऱ्या रकान्याकडे जाते. ८०च्या वर असेल तर ‘नॉर्मल’, खाली असेल तर काहीतरी बिघडले आहे, असा सरधोपट हिशेब होतो आणि कागद फायलीत जातो.

पहिल्या रकान्यातला आकडा मोजलेला आहे, त्यामुळे त्याच्याबद्दल फारसा वाद नाही. दुसरा रकाना मात्र कोणी मोजलेला नाही. तो यंत्रात आधीच भरून ठेवलेल्या कोष्टकातून येतो. ते कोष्टक कोणत्या देशातल्या लोकांवरून तयार झाले, कोणत्या वर्षी झाले आणि त्यात या माणसाचे कोणते वय व कोणती उंची घातली, हे अनेक अहवालांवर ठळकपणे दिसत नाही. कधी ते कोपऱ्यात अगम्य लघुरूपात असते, तर कधी अजिबात नसते. ही उणीव किरकोळ वाटते, पण तिच्यामुळे आजारी माणूस निरोगी ठरू शकतो आणि निरोगी माणूस आजारी.

अपेक्षित आकड्याची कल्पना जुनी आहे. लंडनमधील डॉक्टर जॉन हचिन्सन यांनी १८४६ मध्ये स्पायरोमीटर या यंत्रावरील आपले काम प्रसिद्ध केले. दोन हजारांहून अधिक लोकांचा श्वास मोजून त्यांनी दाखवून दिले की, फुफ्फुसांची क्षमता उंचीबरोबर वाढते आणि वयाबरोबर घटते. म्हणजे एकच आकडा सर्वांना लागू करता येत नाही. सहा फुटी तरुणाला चार लिटर कमी पडतील, तर पाच फुटी आजीबाईंना दोन लिटरही पुरतील. प्रत्येकाचे मोजमाप त्याच्यासारख्याच निरोगी माणसांशी ताडून पाहावे लागते.

इथे गणिताचा प्रश्न उभा राहतो. ४७ वर्षे ४ महिने वयाची, १६३ सेंटिमीटर उंचीची निरोगी माणसे शोधून प्रत्येक वेळी सरासरी काढणे कोणालाही शक्य नाही. म्हणून काही ठरावीक टप्प्यांवर आकडे काढून ठेवायचे आणि मधल्या जागा हिशेबाने भरायच्या. याला अंतर्वेशन म्हणतात. ही युक्ती आपल्याकडे फार जुनी आहे. ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६६५ मध्ये रचलेल्या ‘खंडखाद्यक’ ग्रंथात ज्येच्या कोष्टकातील दोन नोंदींमधली किंमत काढण्यासाठी सरळ त्रैराशिकापेक्षा अचूक रीत दिली आहे. कोष्टकातील वाढ एकसारखी नसते, ती कमी-जास्त होत जाते, हे लक्षात घेऊन त्याने वक्राचा बाक हिशेबात धरला.

आजच्या फुफ्फुस-तपासणीत हेच चालते. जागतिक फुफ्फुस-कार्य गटाने, म्हणजे जीएलआयने, २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेली समीकरणे २६ देशांतील सुमारे ७४ हजार निरोगी, धूम्रपान न करणाऱ्या लोकांच्या मोजमापांवर उभी आहेत आणि वयाच्या ३ ते ९५ वर्षांपर्यंत चालतात. त्यात उंची आणि वयाचे एक सूत्र आहे. पण वयाचा परिणाम साध्या सूत्रात बसत नाही. मूल वाढते, विशीत फुफ्फुसे पूर्ण भरतात, मग हळूहळू उतार लागतो. हा बाक पकडण्यासाठी पाव-पाव वर्षाच्या टप्प्यांवर दुरुस्तीचे आकडे कोष्टकात दिलेले असतात आणि मधल्या वयासाठी यंत्र अंतर्वेशन करते. पुरुषांचे कोष्टक वेगळे, स्त्रियांचे वेगळे, लोकगटानुसार पुन्हा वेगळे. म्हणजे वक्र एक नाही. लिंग, लोकगट, आवृत्ती अशा घटकांनुसार वक्रांचा मोठा संच आहे. गणितात अशा घटकांना प्राचल म्हणतात. प्राचल बदलले की वक्र बदलतो.

संगणक हे वक्र दर वेळी नव्याने काढत बसत नाही. एकदा काढलेला वक्र तो जवळ साठवून ठेवतो आणि पुन्हा गरज लागली की तयार माल पुढे करतो. संगणकाच्या भाषेत या साठवणीला कॅशे म्हणतात. कोल्हापूरकरांना हे समजायला अवघड नाही. मिसळीचा कट सकाळीच मोठ्या पातेल्यात तयार असतो. गिऱ्हाईक आले की कोणी मसाला वाटायला बसत नाही. मात्र तिखट आणि मध्यम अशी दोन पातेली असतील आणि कोणते कुठले हे विसरले गेले, तर वाढणे कितीही झटपट असो, ताटात चुकीचा कट पडणार. संगणकाच्या साठवणीचा धोका हाच आहे. साठवलेल्या वक्रावर त्याच्या सर्व प्राचलांची चिठ्ठी हवी. त्यातले एखादे चिठ्ठीवर लिहायचे राहिले, तर संगणक जुना वक्र नव्या माणसाला लावतो आणि उत्तर तेवढ्याच वेगाने व तेवढ्याच रुबाबात देतो. पडद्यावर लाल दिवा लागत नाही. कागदावर दोन दशांश स्थळांपर्यंतचा आकडा छापून येतो, त्यामुळे तो अधिकच खरा वाटतो.

कोष्टक कोणाचे, हा प्रश्न विचारण्याची सवय मराठी घरांना नवी नाही. संकष्टीला चंद्रोदय किती वाजता, हे दिनदर्शिकेत पाहताना प्रत्येक जण आपल्या गावाच्या नावासमोरची वेळ पाहतो. कोल्हापूर मुंबईच्या पूर्वेला सुमारे सव्वा ते दीड अंश आहे. नुसत्या रेखांशाच्या फरकानेच सूर्य इथे पाच-साडेपाच मिनिटे आधी उगवतो. गावाचे नाव नसलेले पंचांग कोणी विकत घेणार नाही. कोष्टकाला गाव असते, तशी तारीखही असते. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० मध्ये ‘ग्रहलाघव’ रचला. किचकट गणित टाळून, आधीच काढून ठेवलेल्या अंकांवरून ग्रहांची स्थिती झटपट काढण्याची सोय त्यांनी केली. ती इतकी चांगली होती की पंचांगकर्ते पिढ्यान् पिढ्या तिच्यावर विसंबले. पण मुळातले बारीक फरक शतकानुशतके साठत गेले आणि एकोणिसाव्या शतकापर्यंत गणित व आकाश यांत अंतर पडले. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हे नवे पुस्तक दिले. त्यात गणेश दैवज्ञांचा उणेपणा नाही. त्यांचे कोष्टक त्यांच्या काळासाठी उत्तम होते. ते न बदलता चालवत राहणे ही पुढच्यांची चूक होती.

आता हेच फौंड्रीतल्या कामगाराला लावून पाहू. समजण्यासाठी आकडे सोपे घेऊ. कामगाराने जोर लावून फुंकलेली एकूण हवा ३.४ लिटर आहे. यंत्रात युरोपीय लोकांवरचे जुने कोष्टक लावलेले आहे आणि ते या उंची-वयासाठी ३.९ लिटरची अपेक्षा धरते. टक्केवारी येते ८७. दोन वर्षांनी तपासणीचे कंत्राट दुसऱ्याकडे जाते. नवे यंत्र येते. त्यात भारतीयांसाठी युरोपीय अंदाजातून सरसकट १० टक्के वजा करण्याची जुनी पद्धत लावलेली आहे. अपेक्षा होते ३.५१ लिटर. दरम्यान कामगाराच्या फुफ्फुसांत वाळूची बारीक धूळ साचली आहे आणि तो आता ३.१ लिटरच फुंकतो. टक्केवारी येते ८८.

वयामुळे अपेक्षित आकड्यात होणारी किरकोळ घट इथे सोडून दिली आहे, पण मुद्दा त्याने बदलत नाही. माणसाची ३०० मिलिलिटर हवा गेली आणि कागदावर प्रकृती एका टक्क्याने सुधारली. प्रौढ वयात निरोगी माणसाची क्षमता वर्षाला साधारण २५ ते ३० मिलिलिटरने घटते. दोन वर्षांत ३०० ही घट त्याच्या पाचपट आहे. अशी घट दिसली की तपासणी पुन्हा करावी, एक्स-रे काढावा, तो माणूस काम करतो तिथल्या धुळीचा माग काढावा. पण दोन्ही फायलींवर ‘नॉर्मल’ असा शिक्का असेल तर कोण काय शोधणार?

कोल्हापूरसाठी हा प्रश्न पुस्तकी नाही. इथल्या फौंड्री उद्योगाने देशभर नाव कमावले आहे. साच्याची वाळू, ती झाडणे, ओतकाम झालेल्या वस्तू घासणे आणि ब्लास्टिंग या प्रत्येक टप्प्यावर सिलिकाची धूळ उडते. ती वर्षानुवर्षे फुफ्फुसांत गेली तर सिलिकोसिस होतो. हा आजार बरा करणारे औषध नाही. क्षयरोगाचा धोकाही त्याने वाढतो. करता येण्यासारखी मोठी गोष्ट एकच, ती म्हणजे लवकर ओळखणे आणि धूळ थांबवणे. १९८७च्या दुरुस्तीने कारखाने कायद्यात धोकादायक प्रक्रियांतील कामगारांची दर बारा महिन्यांनी वैद्यकीय तपासणी आणि तिच्या नोंदी जपणे सक्तीचे झाले, ते याचसाठी. वर्षांमागून वर्षांच्या नोंदी एकमेकींशी ताडता आल्या नाहीत तर या तरतुदीचा अर्थच उरत नाही. इचलकरंजीच्या सूतधुळीत काम करणाऱ्यांना आणि गुऱ्हाळाच्या चुलवणापुढे हंगाम काढणाऱ्यांनाही हेच लागू आहे. पुढे हाच माणूस धाप लागते म्हणून सीपीआरच्या बाह्यरुग्ण विभागात येतो, तेव्हा डॉक्टरांच्या हाती जुन्या कागदांखेरीज दुसरा पुरावा नसतो. नुकसानभरपाईचा दावाही त्याच कागदांवर उभा राहतो.

मग भारतीयांसाठी योग्य कोष्टक कोणते? मुंबई, दिल्ली आणि चंदीगडच्या डॉक्टरांनी निरोगी भारतीयांचे श्वास मोजून वेगवेगळ्या काळात समीकरणे तयार केली आहेत. २०१२च्या जागतिक समीकरणांत युरोपीय वंशाचे, आफ्रिकी-अमेरिकन, ईशान्य आशियाई आणि आग्नेय आशियाई असे चार गट होते. भारतीय उपखंडाचा गट त्यात नव्हता. भारतीय माणसासाठी ‘इतर’ हा पर्याय निवडावा लागे. आता वंशाचा रकानाच काढून टाकणारी एकत्रित समीकरणे आली आहेत आणि अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने २०२३ मध्ये तीच वापरण्याची शिफारस केली. ८० टक्क्यांची सरसकट रेषाही मागे पडते आहे. त्या वयाच्या निरोगी लोकांत सर्वांत कमी असलेल्या पाच टक्क्यांची सीमा धरावी, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन सांगते. यात तज्ज्ञांचे मतभेद आहेत आणि ते काही काळ राहतील. त्यांचा निकाल लागेपर्यंत एवढे तरी नक्की करता येते की, कोणते कोष्टक वापरले हे लपून राहू नये.

कोष्टक बरोबर असूनही त्यात घातलेला घटक चुकीचा असू शकतो. उंची हे सर्वांत मोठे उदाहरण. रांग लांब असते, भिंतीवरची पट्टी सैल झालेली असते, म्हणून उंची ‘विचारून’ लिहिली जाते किंवा गेल्या वर्षीच्या नोंदीतून आपोआप येते. १६५ सेंटिमीटरच्या माणसाची उंची १७० लिहिली, तर अपेक्षित आकडा ७ टक्क्यांच्या आसपास फुगतो. तेवढ्याने ‘नॉर्मल’ आणि ‘ॲबनॉर्मल’ यांची अदलाबदल होऊ शकते. पाठीला बाक आलेल्या वृद्धांमध्ये तर उभी उंची फसवी ठरते. तिथे दोन्ही हात पसरून लांबी मोजावी लागते. वयाचे तर आपल्याकडे वेगळेच आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लावून दिलेली १ जून ही जन्मतारीख महाराष्ट्रातील असंख्य लोकांच्या कागदांवर आहे. पन्नाशीच्या माणसाच्या श्वासात वर्षभराच्या चुकीने फार फरक पडत नाही. लहान मुलांच्या बाबतीत मात्र काही महिन्यांची चूकही महाग पडते.

अंगणवाडीत ही गोष्ट रोज घडते. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये पाच वर्षांखालील मुलांच्या वाढीची मानके दिली. त्यासाठी सहा देशांत झालेल्या अभ्यासात भारतही होता; दिल्लीतील मुले त्यात होती. आज सेविका मोबाइलवरील पोषण ट्रॅकरमध्ये वजन-उंची भरते आणि मूल कोणत्या रंगाच्या पट्ट्यात बसते ते पडद्यावर दिसते. मागचे कोष्टक मुलगा की मुलगी, वय किती आणि लांबी कशी मोजली यावर अवलंबून आहे. दोन वर्षांखालील बाळाला आडवे ठेवून मोजतात, त्यानंतर उभे करून. आडवी लांबी उभ्या उंचीपेक्षा सरासरी ०.७ सेंटिमीटरने जास्त भरते. म्हणून दीड वर्षाचे बाळ उभे करून मोजले, तर त्या आकड्यात ०.७ मिळवावे लागतात. अडीच वर्षांचे मूल आडवे मोजले, तर तेवढे वजा करावे लागतात. ही नोंद झाली नाही, तर सीमेवरचे मूल तीव्र कुपोषितांच्या यादीत जाईल किंवा त्या यादीतून गळेल. यादीतून गळलेल्या मुलाला जादा आहार आणि डॉक्टरांची तपासणी मिळायला उशीर होतो.

पाच वर्षांनंतरच्या मुलांसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये सुधारित तक्ते दिले. त्याआधीचे तक्ते १९८९च्या सुमारास सुरू झालेल्या पाहणीवर आधारलेले होते. मधल्या काळात भारतीय मुलांची सरासरी उंची वाढली, वजनही वाढले. जुन्या तक्त्यावर स्थूल ठरलेले मूल नव्या तक्त्यावर साधे दिसू नये, म्हणून नव्या तक्त्यात लठ्ठपणाच्या रेषा मुद्दाम वेगळ्या रीतीने आखल्या गेल्या. एकाच मुलाची मागची नोंद जुन्या तक्त्यावर आणि नवी नव्या तक्त्यावर केली, तर त्याच्या वाढीची रेषा मध्येच उडी घेते. ती उडी मुलाने घेतलेली नसते. मूत्रपिंडाच्या अहवालातही असेच होते. रक्तातील क्रिएटिनिनवरून गाळणीचा वेग काढण्याची २००९ आणि २०२१ची सूत्रे सारख्या रक्ताला थोडे वेगळे आकडे देतात. सीमारेषेवरचा मधुमेही एका प्रयोगशाळेत मूत्रपिंडविकाराच्या तिसऱ्या टप्प्यात जातो, दुसऱ्यात जात नाही.

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरीच्या वाड्यावस्त्यांवर नेटवर्क येते-जाते. यंत्रे जुनी आहेत, रुग्णांची गर्दी आहे. तिथे साठवलेल्या कोष्टकांशिवाय काम चालणार कसे? आक्षेप रास्त आहे. साठवण वाईट नाही. ती नसती तर सेविकेला अर्धा दिवस कागदी तक्ते चाळत बसावे लागले असते. मागणी साठवण बंद करण्याची नाही, तिच्यावर नीट चिठ्ठी लावण्याची आहे. दुसरा आक्षेप असा की, कोष्टकाचे नाव छापून रुग्णाला काय कळणार? रुग्णाला कदाचित कळणार नाही, पण पुढच्या डॉक्टरला कळेल, आणि कागद शेवटी त्याच्याचकडे जातो. औषधाच्या पट्टीवरची बॅच आणि मुदतही बहुतेकांना कळत नाही. म्हणून ती छापायची थांबवली नाही.

करायच्या गोष्टी थोड्या आहेत आणि त्यांना मोठा खर्च नाही. अपेक्षित आकडा देणाऱ्या प्रत्येक अहवालावर वापरलेल्या कोष्टकाचे पूर्ण नाव व वर्ष आणि त्यात घातलेले वय, लिंग, उंची ठळक छापावे. सरकारी रुग्णालयांसाठी यंत्रे आणि सॉफ्टवेअर खरेदी करताना निविदेतच ही अट घालावी, म्हणजे उत्पादक आपोआप वळणावर येतील. एखादा घटक किंवा आवृत्ती बदलली की साठवलेला जुना वक्र फेकून नवा काढला जातो, याची चाचणी खरेदीपूर्वी घ्यावी. दोन-चार काल्पनिक रुग्णांची माहिती भरून, मग फक्त लिंग किंवा फक्त उंची बदलून उत्तर बदलते का, हे पाहायला अर्धा तास पुरतो. कोष्टक बदलल्यास जुन्या नोंदी मूळ मोजमापांवरून पुन्हा मांडाव्यात. त्यासाठी लिटर, किलो आणि सेंटिमीटरचे मूळ आकडे कायम जपावेत. टक्केवारी पुन्हा काढता येते, वाहून गेलेले मोजमाप परत मिळत नाही.

कारखान्यांनी तपासणीचे कंत्राट बदलताना जुन्या कंत्राटदाराकडून मूळ आकडे ताब्यात घ्यावेत. कामगार संघटनांनी पगारपत्रकाइतक्याच हक्काने प्रत्येक कामगारासाठी अहवालाची प्रत मागावी. आणि सामान्य वाचकाने दोन अहवाल शेजारी ठेवताना तिसऱ्या रकान्याआधी पहिला पाहावा. गेल्या वेळी किती लिटर होते, आता किती आहेत? उंची दोन्हींवर सारखीच लिहिली आहे का? अपेक्षित आकडा अचानक बदलला आहे का? यांपैकी काही खटकले, तर न संकोचता डॉक्टरांना विचारावे, “हे कोणत्या कोष्टकावरून काढले?” चंद्रोदयाची वेळ वाचताना गाव पाहणाऱ्या माणसाला हा प्रश्न अवघड नाही, आणि चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येणार नाही.